हिशेब पहिल्या तारखेला

आमच्या देवरीला येणारे पाहुणे दोन प्रकारचे असतात. काही मुद्दाम येतात, ते थोडे. बाकीचे नागपूरहून रायपूरकडे निघालेले असतात आणि मोटारीचे चाक बसल्यामुळे किंवा पोटात कावळे ओरडू लागल्यामुळे येथे उतरतात. हे दुसऱ्या प्रकारचे पाहुणे चहाच्या टपरीवर उभे राहून दोन प्रश्न विचारतात. पहिला मोठ्याने, "इथे जेवायला बरं काय मिळेल हो?" आणि दुसरा आवाज खाली आणून, "या भागात ते... नक्षलवाद्यांचं... काही भय नाही ना?"

आता आमच्या गोंदिया जिल्ह्याचे हे टोक जंगलाचे, छत्तीसगडच्या सीमेला टेकलेले. वर्तमानपत्रात त्याचे नाव वर्षानुवर्षे बंदुकीच्या शेजारीच छापून आले. येथे तलाव आहेत, धानाची शेते आहेत, मोहाची झाडे आहेत, मुलींच्या लग्नाची काळजी करणारे बाप आहेत, हे छापण्याजोगे कोणाला वाटले नाही. पाहुणे घाबरले तर त्यांचा दोष तो काय?

मी त्यांच्यावर रागावत नाही. त्याला कारण आहे. हेच दोन प्रश्न, याच क्रमाने, मीही एकदा एका परक्या गावात विचारले होते. त्या गावाचे नाव अदन.

२०१२ साली मला येमेनमधल्या अदन बंदरात एका व्यापारी पेढीवर हिशेबनिसाची नोकरी मिळाली. पगार चांगला होता, घरावर कर्ज होते, आणि माझे लग्न होऊन दोनच वर्षे झाली होती. एवढी तीन कारणे असली की माणूस नकाशात गाव कोठे आहे ते नंतर पाहतो. आईने एकच प्रश्न विचारला, "काहून रे, तिथं भात भेटते का?" वडील शाळामास्तर. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अदन म्हणजे वासुदेव बळवंतांचं अदन."

मला शाळेतला धडा आठवला. इंग्रज सरकारने वासुदेव बळवंत फडक्यांना जन्मठेप देऊन अदनच्या तुरुंगात धाडले. तेथे त्यांनी अन्नत्याग केला आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी देह ठेवला. वडील म्हणाले, "आपल्या एका माणसाने तिथे अन्न सोडलं. तू पोटभर जेवत जा. आणि कोणाचं देणं ठेवू नकोस."

पहिली आज्ञा मी तंतोतंत पाळली. दुसरी मोडली. त्या मोडलेल्या आज्ञेचीच ही हकीगत आहे.

अदन आपल्याला वाटते तेवढे परके नाही, बरे का. १८३९ साली इंग्रजांनी ते घेतले ते मुंबईहून आलेल्या आरमाराच्या बळावर, आणि पुढे नव्वदाहून अधिक वर्षे त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. १९३७ साली ते हिंदुस्थानपासून वेगळे काढले, तरी आपला रुपया तेथे १९५१ पर्यंत चालत होता. पारशी व्यापाऱ्यांनी तेथे अग्यारी बांधली होती. पुढे राज्य बदलले, मंडळी परतली, तेव्हा १९७६ साली तो पवित्र अग्नी विमानाने आणून आपल्या लोणावळ्यात प्रतिष्ठापित केला. अदनच्या चुलीचा विस्तव लोणावळ्यात तेवतो आहे, असे मी म्हटले तर शब्दांत थोडी चूक होईल, पण भावार्थात नाही.

हे सारे ज्ञान नंतरचे. पहिल्या दिवशी मी पाहिले ते एवढेच, की एका विझलेल्या ज्वालामुखीच्या पोटात माणसांनी गाव वसवले आहे. त्या भागाला क्रेटरच म्हणतात. तिन्ही बाजूंना काळेकभिन्न उघडे डोंगर, आणि चौथ्या बाजूला समुद्र. आमच्याकडे डोंगर म्हणजे सागवान आणि तेंदू. गवताची काडी नसलेला डोंगर मी जन्मात पाहिला नव्हता. ऑक्टोबर महिना, पण ऊन आमच्या मे महिन्यासारखे. आणि जागोजाग बंदुका. लग्नाला निघालेल्या माणसाच्या खांद्यावरही बंदूक. मी पेढीवरच्या सहकाऱ्याला आधी मोठ्याने विचारले, "जेवायला काय मिळतं?" आणि मग हळूच दुसरा प्रश्न विचारला. दुसऱ्या प्रश्नाला तो हसला. पहिल्याचे उत्तर म्हणून मला हाताला धरून घेऊन गेला.

ज्या ठिकाणी नेले त्याला तिकडे मुखबाझा म्हणतात. खुब्ज म्हणजे भाकरी-पोळी, तेव्हा मुखबाझा म्हणजे पोळीघर. बाहेरून पाहिले तर आत जाण्याची इच्छा होऊ नये असे. धुराने काळवंडलेली भिंत, पत्र्याची मेजे, आणि आत माणसांचा असा गलबला, की मला वाटले भांडण चालले आहे. ते भांडण नव्हते. ते जेवण होते. एका अंगाला जमिनीत पुरलेल्या रांजणांसारखे तन्नूर धगधगत होते. आपला तंदूर तो हाच. दोन तरणे गडी कणकेचा गोळा हवेत फिरवून सुपाएवढा करीत आणि एका उशीवर पसरून तन्नूरच्या आतल्या भिंतीला फटकन चिकटवीत. तेवढ्यात मासळी. माशाला पाठीतून चिरून पुस्तकासारखा उघडायचा, लाल मसाला चोळायचा आणि त्याच तन्नूरमध्ये भाजायचा.

नव्या पाहुण्याने तेथे कसे वागावे, हे मी अडीच वर्षांत शिकलो, ते येथे सांगून ठेवतो. मासा आपण आपला आणावा. क्रेटरच्या कडेला सीरा नावाचे बेट आहे, त्यावर जुना किल्ला आहे, आणि त्याच्या पायथ्याशी मासळीबाजार. सकाळच्या होड्या आल्या की तेथून सुरमई घ्यावी (तिला तिकडे दैरक म्हणतात) आणि पोळीघरात नेऊन द्यावी. भाजणावळ वेगळी. ज्याला बाजारात घासाघीस जमत नाही, त्याने पोळीघरातलाच मासा मागावा. माझ्यासारख्याने तर मागावाच. आत शिरताच भिंतीला नळांची रांग असते, तेथे हात धुवावे. ताट मागू नये. मेजावर वर्तमानपत्र अंथरतात, त्यावर ती सुपाएवढी पोळी, तिच्यावर मासा. उजव्या हाताने, सर्वांनी एकातूनच खायचे. बरोबर सहावक नावाची चटणी येते: टोमॅटो, हिरवी मिरची, लसूण आणि आपला सांभार, म्हणजे पुण्यामुंबईच्या भाषेत कोथिंबीर. ती पहिल्यांदा चाखली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. काही मिरचीचे, काही देवरीचे. कुटुंब बरोबर असेल तर बायकामुलांसाठी पडद्याआड वेगळी जागा असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जेवण झाले की उठावे. दुपारी 'गात' नावाचा पाला चघळत बसण्याची सगळ्या गावाला घाई असते. तुमच्या ढेकरासाठी कोणी थांबत नाही.

मासा झाल्यावर त्या दिवशी एक वाडगा आला. गरम पोळीचा कुस्करा, त्यात केळी मळलेली, वर तूप आणि मध. सहकारी म्हणाला, "फत्ता." मी एक घास घेतला आणि थांबलो. कोणाच्या घरात पोळीचा मलिदा झाला नाही? कोणाच्या आईने केळ्याचे शिकरण केले नाही? त्या दोघांचे लग्न लावून कोणीतरी समुद्रापलीकडे नांदायला पाठवले होते, एवढेच.

अशी सोयरीक मग पदोपदी सापडू लागली. अदनच्या भाषेत लोणच्याला 'उशार' म्हणतात. आपल्या अचारचेच ते रूप. रमजानात चवळीची 'बाजिया' तळतात. ती भजीची बहीण. समोसा 'संबूसा' झालेला. 'झुर्बियान' म्हणून शुक्रवारचा भात असतो, तो दही, बटाटे आणि मटण घातलेल्या बिर्याणीचा चुलतभाऊ. उत्तरेकडच्या सना शहराची 'सल्ता' दगडी भांड्यात रटरटत येते आणि तिच्यावर भिजवलेल्या मेथीदाण्यांचा फेस थापलेला असतो. आमच्याकडे मेथी लागते ती बाळंतिणीच्या लाडवाला. तिकडे ती गडीमाणसे रोज दुपारी खातात. कॉफीचे मूळचे बंदर मोखा याच देशात, पण घरोघर पितात ते कॉफीच्या बियांवरच्या टरफलांचा आले घातलेला काढा.

आणि चहा! पहिल्या दिवशी चहाच्या दुकानात सहकाऱ्याने "शाही" अशी ऑर्डर दिली. मला वाटले, माझ्या स्वागतासाठी राजेशाही थाटाचे काही मागवतो आहे. मी संकोचाने "साधाच चालेल" म्हणालो. नंतर कळले, अरबीत चहालाच 'शाही' म्हणतात. दाट आटीव दूध, वेलदोडा, लवंग घालून उकळलेला तो चहा प्यायलो आणि वाटले, नाव खोटे नाही.

पोळीघराचा मालक साठीच्या पुढचा होता. त्याला सगळे 'हाज' म्हणत, मीही म्हणू लागलो. तो मला "या हिंदी!" अशी हाक मारी. हिंदी सिनेमांवर वाढलेली पिढी. मोडकी हिंदी त्याला येत होती. त्याच्या वडिलांनी जपून ठेवलेला, राजाचा मुखवटा असलेला एक जुना रुपया त्याने मला दाखवला होता. म्हणाला, "ये तेरा पैसा. मेरा भी."

शुक्रवार सोडून रोज दुपारी मी तेथे जेवू लागलो. महिन्याभराने हाजने एक लांबट वही काढली आणि तीत माझे नाव लिहिले. म्हणाला, "रोज सुट्टे पैसे काय मोजतोस? महिन्याने दे." त्या वहीला तो 'दफ्तर' म्हणत असे. शब्द ऐकून मी चमकलो. आमच्या पोरांच्या पाठीवरचे दप्तर, मामलेदार कचेरीतले दप्तर, ते सगळे या वहीची नातवंडे! आणि दफ्तरात जे लिहायचे त्याला तो म्हणे 'हिसाब'. तो शब्द तर मला कोणी शिकवायलाच नको होता. त्याच्यावरच माझे पोट होते.

अडीच वर्षांत एकही पहिली तारीख चुकली नाही. पहिल्याला पगार, पहिल्याला हाजचा हिशेब. मी पैसे मोजून द्यायचे, त्याने दफ्तरातल्या पानावर आडवी रेघ मारायची आणि मला एक 'शाही' फुकट पाजायची.

एकदा तो मला घरी घेऊन गेला. जमिनीवर सतरंजी, मध्ये एकच परात, भोवती आम्ही सातजण. मी पाहुणा म्हणून हाज आपल्या हाताने चांगले चांगले तुकडे तोडून माझ्या बाजूला सरकवीत होता. मी "पुरे" म्हणालो की आणखी दोन. मला आमच्याकडची पंगत आठवली. पानावर आडवा हात धरला तर वाढप्या बोटांच्या फटीतून जिलेबी सोडतो, त्यातलाच हा प्रकार. आतल्या दाराच्या पडद्यामागून बायकांचे हसणे ऐकू येत होते. परक्या माणसाला जेवताना घाम फुटला की जगातल्या सगळ्या स्वयंपाकघरांना सारखाच आनंद होतो, असे दिसते.

मग २०१५ चा मार्च उजाडला. उत्तरेकडचे हूथी सैन्य दक्षिणेकडे सरकत आहे, अशा बातम्या होत्याच. १९ मार्चला विमानतळाजवळ लढाई झाली. २६ तारखेला सौदी अरेबिया आणि त्याच्या मित्रदेशांची विमाने येमेनवर बॉम्ब टाकू लागली. पुढे क्रेटरच्या रस्त्यांवरच गोळीबार सुरू झाला. डोंगराच्या त्या वाटीत आवाज घुमतो. एक गोळी सुटली तरी दहा सुटल्यासारखे वाटते. पेढी बंद झाली. बँका बंद झाल्या. माझा मार्चचा पगार बुडाला तो कायमचा.

होड्या समुद्रावर जाईनात, म्हणून मासळी नाही. स्वयंपाकाचा गॅस मिळेना. पण हाजचे तन्नूर लाकडावर चालत, आणि पीठ होते. तीन दिवस मला घराबाहेर पाऊल टाकता आले नाही. चौथ्या दिवशी गोळीबार थांबलेला पाहून भिंतीच्या कडेकडेने गेलो, तर पोळीघराचे दार अर्धे उघडे होते आणि बाहेर रांग होती. हाज पोळ्या वाटत होता. ज्याच्याकडे पैसे होते तो देत होता. ज्याच्याकडे नव्हते त्याचे नाव दफ्तरात चढत होते. हाताला येईल त्याला पोळी, असे नव्हते; प्रत्येकाला विचारून, घरात माणसे किती, तेवढ्या पोळ्या.

३१ मार्चला दुपारी आम्हाला निरोप आला, की आपल्या नौदलाचे जहाज बंदरात येत आहे, निघण्याची तयारी ठेवा. मी आधी पोळीघर गाठले. खिशात होते नव्हते ते साडेचार हजार रियाल, आणि मनगटावर लग्नातले घड्याळ. हाजने समोर पोळी आणि केळी ठेवली. मधाची बरणी खरवडून तळातला मध वर घातला. मी जेवलो. मग पैसे आणि घड्याळ त्याच्यासमोर ठेवून म्हणालो, "हाज, मी आज जातो आहे. बाकीचे पाठवीन. हे ठेवून घे."

त्याने दफ्तर उघडले. माझ्या पानावर बोट फिरवून मोजले. चोवीस जेवणे, दर जेवणाला आठशे रियाल, एकूण एकोणीस हजार दोनशे. मग वही मिटली, घड्याळ उचलून माझ्याच मनगटावर बांधले, नोटा माझ्याच खिशात कोंबल्या, आणि एखाद्या कारकुनाने खिडकी बंद करावी तशा आवाजात म्हणाला,

"हिसाब पहली तारीख. आज इकतीस है."

मी वाद घालणार होतो. पण मागे रांग होती, आणि तो पुढच्या माणसाला विचारू लागला होता, घरात माणसे किती.

त्या रात्री 'सुमित्रा' जहाजाने आम्हा ३४९ जणांना अदनहून उचलून जिबूतीला नेले. तेथून हवाई दलाच्या विमानाने २ एप्रिलला मी मुंबईत उतरलो. त्या मोहिमेत येमेनमधून चार हजार सहाशेवर भारतीय आणि एक्केचाळीस देशांचे साडेनऊशेवर परदेशी सुटून आले. पहिली तारीख माझी वाटेतच गेली.

घरी आल्यावर आईने विचारले, "जेवलास का?" मी तिला चोवीस जेवणांची गोष्ट सांगितली. वडील ऐकत होते. "देणं ठेवू नकोस म्हणालो होतो," एवढेच म्हणाले. रागाने नव्हे. आईने त्या संध्याकाळी पोळी कुस्करली, केळी मळली, तूप घातले आणि चव घेऊन म्हणाली, "हा तर आपला मलिदा! यासाठी अडीच वर्षं एवढ्या लांब जाऊन राहिला व्हय?"

देणे फेडण्याचा मी प्रयत्न केला नाही असे नाही. दुकानाचा दूरध्वनी लागेना. जुलै २०१५ पर्यंत अदनमध्ये लढाई चालली. क्रेटरची बरीच पडझड झाली. माझा तो सहकारी कोठे गेला कळले नाही. २०१७ साली आपल्या सरकारने येमेनच्या प्रवासावर निर्बंध घातले. दर वर्षी १ एप्रिल आला की मला दातात काही अडकल्यासारखे वाटे.

मी आता देवरीच्या परिसरातल्या भातगिरण्यांचे हिशेब पाहतो. कामासाठी नागपूरला जावे लागते. तेथे हल्ली 'मंडी' नावाचा अरबी भात मिळतो. हद्रमौत हा येमेनचा पूर्वेकडचा मुलुख. तेथले लोक निजामाच्या फौजेत आले, हैदराबादच्या बारकस भागात वसले, आणि त्यांचा हा भात आता गावोगाव पसरला आहे. मी एकदा खाल्ला. शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "नागपुरात अरब काही नवे नव्हेत. अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेत होते. १८१७ साली सीताबर्डीची लढाई हरल्यावरही अरबांनी शहरातला वाडा सोडला नाही. डिसेंबरअखेर इंग्रजांशी बोलणी करून मगच बाहेर पडले." मी विचार करीत बसलो. दोनशे वर्षांपूर्वी लढाईच्या गावात अडकलेले ते अरब नागपुरात काय जेवले असतील? कोणीतरी नागपूरकराने त्यांची नावे वहीत लिहिली असतील काय? आणि ती उधारी बुडाली असेल काय?

मग आला २०२०. मार्चअखेर सारा देश बंद झाला आणि एप्रिल-मे महिन्यांत आमच्या महामार्गावरून माणसे चालू लागली. हा रस्ता पुढे बाघनदी ओलांडून छत्तीसगडात जातो. नागपूरहून, पुण्याहून, कोठून कोठून मजूर निघाले होते. कोणाला राजनांदगाव गाठायचे, कोणाला ओडिशा. डोक्यावर गाठोडे, काखेत मूल, पायात एक चप्पल निळी तर एक काळी. मे महिन्याचे ऊन. ढाबे बंद.

पहिल्या दिवशी आम्ही नुसते पाणी ठेवले. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतीने मोठे पातेले काढले. भात, डाळ, आलू-वांग्याची भाजी. शेजारच्या चार घरांनी आपापली पातेली आणली. गिरणीमालकाने कट्ट्याने तांदूळ दिला. गावोगाव लोक हेच करीत होते, त्यात आमचा विशेष काही नाही. मी पंगतीच्या तोंडाशी उभा राहून विचारत होतो, "किती माणसं?" दुसऱ्याच कोणाचा तरी प्रश्न मी विचारतो आहे, हे लक्षात यायला मला वेळ लागला.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक तरुण मजूर जेवून उठला. बायको, दोन मुले बरोबर. पत्रावळी स्वतः उचलून टाकली आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. शर्टाच्या आतल्या खिशातून घडी घातलेली पन्नासाची नोट काढली. म्हणाला, "बाबूजी, कितना हुआ?"

"नाही रे बाबा, पैसे नको," असे म्हणणे सोपे होते. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि कळले, की हा धर्माचे खाणार नाही. खाल्ले तर ते त्याला जड जाईल. तो भिकारी नव्हता, गवंडी होता. आणि त्याच क्षणी, पाच वर्षांनी, हाजने ते घड्याळ माझ्या मनगटावर परत का बांधले ते मला समजले. त्याने मला माफी दिली नव्हती. त्याने मला मुदत दिली होती. माफ केले असते तर मी निर्वासित म्हणून निघालो असतो. मुदत दिली म्हणून गिऱ्हाईक म्हणून निघालो.

मी म्हणालो, "हिसाब पहली तारीख को होता है, भैया. आज तो बारह है."

तो क्षणभर पाहत राहिला. मग हसला. "तो फिर लिख लीजिए," म्हणाला. मी गिरणीच्या वहीत त्याच्यादेखत लिहिले: चार जेवणे. त्याने नोट घडी करून खिशात ठेवली, मुलाला खांद्यावर घेतले आणि बाघनदीच्या दिशेने निघाला.

त्या रात्री मी सौभाग्यवतीला म्हणालो, "वाटतं, हाजचं फिटलं." ती भांडी घासत होती. न वळता म्हणाली, "त्याचं कसं फिटेल? हे आपण यांना दिलं. त्याचं त्यालाच द्या लागते." गेली कित्येक वर्षे मी दुसऱ्यांचे हिशेब तपासतो, पण एका खात्याची जमा दुसऱ्या खात्यात दाखवण्याची माझी लबाडी तिने एका वाक्यात पकडली.

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे वहीपूजन असते. नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो, 'श्री' लिहितो, आणि पहिल्या पानावर मागील बाकी ओढतो. २०१५ पासून पहिली ओळ एकच: 'अदन, देणे १९,२०० रियाल.' २०२१ च्या दिवाळीत ही ओळ लिहिताना मी थबकलो. मी निघालो तेव्हा डॉलरला साधारण दोनशे पंधरा रियाल पडत. माझे देणे नव्वद डॉलरच्या आसपास होते. आता अदनमध्ये डॉलरला हजारांवर रियाल मोजावे लागत होते. तेच देणे वीस डॉलरच्याही खाली आले होते. येमेनला लागणारा बहुतेक सगळा गहू बाहेरून आणावा लागतो. म्हणजे तिकडे पोळी महाग होत चालली होती आणि इकडे माझे कर्ज स्वस्त. आणखी काही वर्षे थांबलो असतो तर एका चहात फिटले असते. कायद्याने ते बरोबर होते. हिशेबनिसाला याहून चांगली बातमी कोणती?

माझी लेखणी हलेना. सौभाग्यवती निरांजन घेऊन आली, वाकून पाहिले आणि म्हणाली, "रियालात काहून लिहिता? तुम्ही काय रियाल खाल्ले व्हय?"

मी ती ओळ खोडली. वहीपूजनाच्या पानावर खाडाखोड करू नये म्हणतात, पण केली. आणि नव्याने लिहिले: 'अदन, देणे २४ जेवणे.'

त्या ओळीला भाववाढ लागत नाही, उतारही लागत नाही. दर दिवाळीला ती मी पुढल्या वहीत ओढतो. यंदाही ओढणार आहे. हाज असेल की नाही, माहीत नाही. असला तर ऐंशीला टेकला असेल. त्याच्या दफ्तरातही माझे पान असेलच, आडवी रेघ न मारलेले. एकच खाते समुद्राच्या दोन्ही काठांवर उघडे आहे, आणि अजून पहिली तारीख यायची आहे.

तोवर, वाचकहो, नागपूर-रायपूर रस्त्याने कधी जाणे झाले आणि देवरीला मोटार थांबली, तर दोन्ही प्रश्न मोकळ्या आवाजात विचारा. भात आहे, डाळ आहे, आलू-वांगे आहे; केळी मिळाली तर फत्ताही करून वाढू. पैशाची घाई नाही.